कोंड्याच्या मोलाची धोंडू

धोंडू तेव्हा पाच-सहा वर्षांची असेल. पावसाआधी मिठाच्या राशी पेंढ्यानं झाकतात, तसल्या एका राशीच्या आडोशाला ती बसली होती. पलीकडे दोन बायका भांडत होत्या. एक तिची आई पुतळी, दुसरी शेजारची सीताबाई.

“मी घेतलीय तिला,” सीताबाई म्हणत होती. “सगल्या आळीदेखत घेतलीय, सुपात. आता मी भावाकडं उरणला चाललेय, तर माझी पोर माझ्यासंगं येनार.”

“मग ने की,” पुतळी म्हणाली. “कोन आडवतंय तुला? माजी कोन लागते ती?”

“मागनं रडत येशील.”

“नाय येनार. दगड हाय तो. दगडाला कोन मागतं? घेऊन जा. मना नको हाय ती.”

पेंढा धोंडूच्या मांडीला टोचत होता. ती तशीच बसून राहिली. मग सावकाश उठून घरी आली. रात्री पुतळीनं तिला रोजच्यासारखी भाकरी दिली, रोजच्यासारखी जवळ घेऊन निजवली. पुढं महिन्याभरानं सीताबाई उरणला गेली ती एकटीच. कोणी काही बोललं नाही, आणि धोंडू हे विसरून गेली. विसरली म्हणजे अशी, की पुढं कोणी विचारलं असतं, तर असं काही घडलंच नाही, असं तिनं देवासमोर सांगितलं असतं.

धोंडूला विकलं होतं, हे मात्र खरं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. तिच्या आधी पुतळीचे दोन मुलगे गेले. एक बाराव्याच्या आत, दुसरा रांगायला लागल्यावर. तिसऱ्या खेपेला ही झाली, तेव्हा सुईणीनं आणि घरच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, की पोर विकायची. सुपात घालून उकिरड्याजवळ ठेवली, सीताबाईनं ओंजळभर कोंडा दिला आणि सूप उचललं. मग तिनंच ती पुतळीकडं सांभाळायला दिली. पुतळीचं पोर न्यायला कोणी आलंच, तर त्याला पुतळीच्या घरात सीताबाईचं पोर सापडावं, अशी ती योजना. वर नावही धोंडू ठेवलं, म्हणजे कोणाला हाव सुटायला नको. धरमतरच्या खाडीकाठानं असे धोंडू, कोंडू, केरू गावोगाव होते. बहुतेक सगळे म्हातारे होईपर्यंत जगले, त्यामुळे या पद्धतीला हसणाऱ्यांची जरा पंचाईतच झाली.

आळीतली पोरं धोंडूला कोंड्याची म्हणून चिडवत. ती चिडत नसे. ती फक्त कामाला लागे.

हे कामाला लागणं पुढं तिच्या अंगाला इतकं चिकटलं, की लोक तिला त्याच्यावरूनच ओळखायला लागले. कोणाच्या घरी गेली की आधी झाडू शोधायची. हळदीला बोलावलं तर नवरीला हळद लावायच्या आधी हिच्या हाताला राख लागलेली. चहा दिला तर दोन भांडी घासल्याशिवाय कप तोंडाला लावायची नाही. कोणी वाटीभर कालवण दिलं, तर दुसऱ्या दिवशी ती वाटी रिकामी परत जात नसे. बायका म्हणत, “काय गर्व हाय हिला, कोनाचं काय ठेवून घेत नाय.” गर्व कसला? कोणाच्याही उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की तिच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. आपण इथं कशाला आलो, आपल्याला कोणी बोलावलं, असं वाटायचं. बोलावलेलं असलं तरी वाटायचं.

जिते गावच्या काळुरामशी तिचं लग्न झालं. काळुराम रेल्वेच्या रुळांवरच्या गँगमध्ये कामाला, मनाचा मोकळा. सासरी आली त्या रात्री तिनं आपली दोन लुगडी गाठोड्यात बांधून दारामागच्या खुंटीला टांगली. दुसऱ्या दिवशी वापरली, धुतली, वाळवली, पुन्हा बांधली. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, गाठोडं खुंटीलाच. सासू शेजारणीला सांगायची, “ही काय सून हाय गो? ही तर येस्टी स्टँडवरची बाय. गाठोडं बांधून बसलीय, गाडी कवा लागते बघत.”

एकदा काळुरामनं गाठोडं सोडून लुगडी आपल्या धोतराशेजारी वळणीवर टाकली. पहाटे उठून पाहतो तर पुन्हा खुंटीवर गाठोडं. त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. सांगायला तिला तरी काय ठाऊक होतं? उघड्यावर पडलेली आपली लुगडी पाहिली की तिला इतकी लाज वाटे, जणू लोकांनी तिलाच उघडं पाहिलं.

पुतळी म्हातारपणी विधवा झाली आणि लेकीकडं जित्याला आली. धोंडुबाईनं तिचं काही कमी केलं नाही. गरम पाणी, मऊ भात, पायाला तेल. सगळं वेळच्या वेळी, आणि सगळं उभ्या उभ्या. पुतळी म्हणायची, “बस गो जरा माझ्याजवल.” धोंडुबाई म्हणायची, “काम हाय.” वर्षभर पुतळी तेच म्हणाली आणि वर्षभर धोंडुबाईनं तेच उत्तर दिलं. पुतळी गेली तेव्हा धोंडुबाई रडली नाही. आलेल्या बायका एकमेकींकडं पाहत होत्या. कोणीतरी हळूच म्हणालं, “नाव बरोबर ठेवलंय.” धोंडुबाईनं ते ऐकलं, डोळ्यांना पदर लावला आणि पदराआड डोळे कोरडेच राहिले. त्याची लाज तिला पुढं कित्येक वर्षं पुरली.

काळुरामही गेला. तोवर रोह्यापर्यंत आगगाडी सुरू झाली होती. धोंडुबाई सकाळच्या गाडीनं जित्याहून पेणला जायची आणि वृंदावहिनींच्या घरी धुण्याभांड्याचं काम करायची. वृंदा कॉलेजात शिकवत असे. सासरे माधवराव म्हणजे निवृत्त हेडमास्तर, दिवसभर पेपर वाचत बसलेले.

“वैनी, पोरांना काय शिकवता तुमी?” धोंडुबाईनं एकदा विचारलं.

“मन शिकवते.”

“त्यात काय शिकवायचंय? ज्याचं मन त्याला ठावं असतं की.”

“नसतं ना, धोंडुबाई. निम्म्याहून जास्त ठाऊकच नसतं. लहानपणी जे सोसवत नाही, ते मन खाली ढकलून देतं आणि वर झाकण घालतं. पण ते गप्प बसत नाही. सवयीतून बाहेर येतं, स्वप्नातून येतं, हातून होणाऱ्या चुकांतून येतं. आपल्याला वाटतं, आपला स्वभावच असा.”

धोंडुबाई कढई घासता घासता थांबली. “म्हंजे माझ्या आत दुसरी कोन बाय बसलीय, आनी ती मना न विचारता भांडी घासते?”

“तसंच काहीसं.”

“मग पगार तिला द्या.”

माधवराव पेपराआड हसले. वृंदाही हसली. पण तिनं चहाचा कप धोंडुबाईसमोर ठेवला आणि जरा बघत राहिली. कप तसाच निवत राहिला. धोंडुबाईनं घासून पालथी घातलेली एक ताटली उचलली आणि पुन्हा घासायला घेतली.

तेव्हा हसण्यावारी गेलं. पुढं जे झालं ते रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात झालं.

धोंडुबाईला एकच लेक, विमल. तिचा नवरा पुंडलिक रोह्याजवळच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करायचा. त्यांनी अष्टमीला नवी जागा घेतली, दोन खोल्या आणि पुढं गॅलरी. विमलला पहिली मुलगी झाली, तिचं बारसं त्याच जागेत ठेवलं. सासरची पन्नासेक माणसं. विमलनं आईला नवं लुगडं नेसवलं, पाळण्याशेजारी पाट मांडला आणि बजावलं, “आई, आज तू हितंच बसायचं. मोरीकडं बघायचं पन नाय.”

धोंडुबाई बसली. पाळण्याची पहिली दोन गाणी होईपर्यंत बसली. मग बायकांची गर्दी झाली, पाट मोकळा झाला आणि धोंडुबाई मोरीत होती. पदर खोचलेला, नव्या लुगड्याला राखेचे डाग. पुंडलिकच्या मावशी हात धुवायला आल्या. त्यांनी हिला पूर्वी पाहिलेलं नव्हतं. त्या बिचाऱ्या मायेच्या होत्या. पंक्तीत उरलेल्या चार पुऱ्या आणि थोडी बुंदी त्यांनी कागदात बांधली, धोंडुबाईच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “घे बाय, घरी पोरांना ने.”

धोंडुबाई म्हणाली, “बरं बाई.” आणि तिनं ती पुडी कमरेला खोचली.

विमल दारात उभी होती.

पाहुणे गेल्यावर विमल बोलली. आवाज चढवला नाही, हेच वाईट. “माझ्या मुलीची आजी हायस तू. लोकांनी तुला कामवाली समजून उष्टं दिलं, आनी तू घेतलंस. माझी मान खाली गेली, आई. त्यांची चूक नाय. तू दिसतेसच तशी, कारन तू माझ्या घरात तशीच येतेस. मी तुला बोलावते ते आई म्हनून. तशी येनार असशील तर ये. नायतर खरंच नको येऊस.”

“भांडी पडली व्हती गो.”

“भांड्यांचं नाय बोलत मी. माझ्या घरात तू एकदा तरी बसून जेवलीस का?”

धोंडुबाईनं आठवून पाहिलं. जेवली होती. उभ्यानं, मोरीच्या कट्ट्यावर ताट ठेवून. ते सांगण्यासारखं नव्हतं.

गाडीनं परत येताना पुरीचं तूप लुगड्याला लागत होतं. तिला पुडी फेकवेना आणि खाववेना. एकच लेक, तिचं दार आता बंद झालं, आणि बंद करणारी विमल नव्हती, आपणच. आपणच, तर मग आपण करतो कशाला? इतक्या वर्षांत हा प्रश्न तिनं स्वतःला पहिल्यांदा विचारला.

दुसऱ्या दिवशी तिनं वृंदाला गाठलं. “वैनी, ती आतली बाय बघायची कशी?”

वृंदानं आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अगदी लहानपणचं, पहिल्यांदा काय आठवतं तुम्हाला?”

“काय नाय.” भांडं घासायचा आवाज थोडा वेळ चालू राहिला. “पेंढा. पेंढा टोचतोय. मिठाची रास हाय. कोनतरी बोलतंय.”

“कोण?”

“बाय. दोन बाया.”

“काय बोलतायत?”

“घेऊन जा म्हनते एक.”

“काय घेऊन जा?”

धोंडुबाई उठली. हात तसेच राखेचे. “मना गाडी गाठायचीय,” म्हणाली आणि निघून गेली. गाडीला अजून खूप वेळ होता.

पुढं बरेच दिवस ती कामाला आलीच नाही. आली ती फणफणत. पहिल्याच दिवशी तिच्या हातून वृंदाचा नेहमीचा कप फुटला. इतक्या वर्षांत तिच्या हातून काचेची वाटी फुटली नव्हती, आणि फुटला तो नेमका त्या बाईचा कप. तुकडे गोळा करत ती म्हणाली, “तुमच्या त्या शिकवन्यानं माझी झोप उडाली. कशाला विचारलंत?”

“चुकलं असेल माझं,” वृंदा म्हणाली. “मी पुस्तकातलं शिकवते, धोंडुबाई, माणसं बरी करत नाही. त्या बायका कोण होत्या हे मी कुठून सांगू? तेव्हाचं कोणी आहे का अजून, गावी?”

होती. आत्या ठमाबाई. बापाची धाकटी बहीण. डोळ्यांनी जवळजवळ गेलेली, पण तोंडानं शाबूत. आतमध्ये बोलणं नको म्हणून धोंडुबाईनं तिला ओटीवर गाठलं.

“आते, माज्या आयसनं मना सीताबाईला देऊन टाकलं व्हतं?”

“कोन बोलला तुला?”

“मी ऐकलंय. राशीच्या मागं बसून.”

ठमाबाईनं तिचा हात चाचपून धरला. “तू तिथं व्हतीस? मी पन तिथंच व्हते गो. पुतळीचा दंड धरून उभी व्हते, ती सीतीच्या अंगावर जाईल म्हनून.”

“मग ती म्हनली कशाला? मना नको हाय म्हनून?”

“अगो, इकलेल्या पोराला आयनं माजं म्हनायचं नसतं. सोडवून घेईस्तवर नाय. म्हनलं का गेलं. दोन गेले व्हते तिचे. सीतीला पोर नव्हतं, तिला लोभ सुटला. तिला ठावं व्हतं का पुतळीला माजी म्हनता येनार नाय. पुतळी काय करील? माजी म्हनावं तर तुजा जीव जातो. नको म्हनावं तर तू उरनला जातेस. तिनं उरन पत्करलं. तिथं जिवंत तरी रावशील.” ठमाबाई थांबली. “ती तुला नाय बोलली, पोरी. ती त्याला बोलली, न्यायला येतो त्याला. त्यानं ऐकावं म्हनून मोठ्यानं बोलली. तू ऐकशील हे कोनाच्या ध्यानात?”

“मग सीताबाईनं मना नेलं का नाय?”

“तिला बघवलं नाय. पुतळीचा आवाज तोंडातून येत नव्हता, पोटातून येत व्हता. सीती तशीच माघारी फिरली, जाताना म्हनली, येत्या आवसेला सोडवून घे. कोंडा परत देऊन घेतली सोडवून. त्या दिवशी पुतळी सगल्या आळीभर ओरडत फिरली, माजी हाय, आता माजी हाय. तुला हाका मारत व्हती. तू कुठं सापडलीस म्हाईत हाय? सीतीच्या मोरीत. भांडी घासत. एवढीशी पोर. आमी हसलो. म्हनलं, कामाची निघाली.”

धोंडुबाई बांधावरून परत निघाली. आता तिला हलकं वाटायला हवं होतं. वृंदावहिनींच्या पुस्तकात बहुतेक तसंच असावं. पण झालं उलट. आजवरची लाज तिच्या सवयीची होती, कातडीसारखी. ही नवी होती. एक म्हातारी बाई वर्षभर म्हणत होती, बस गो जरा माझ्याजवल. जिनं काळजावर दगड ठेवून नको म्हटलं, तिला आपण खाणावळीसारखं वाढलं. आणि तिनं एकदाही विचारलं नाही, तू अशी का वागतेस. तिला वाटलं असेल, पोरीचा स्वभावच असा. बांधाच्या कडेला धोंडुबाई खाली बसली. रडणं आलं, वीसेक वर्षं उशिरा आणि भर उन्हात. मिठागरावरच्या दोन बायका काम सोडून बघत होत्या. त्यांच्यादेखत रडल्याची लाज वेगळी.

त्या आठवड्यात ती अष्टमीला गेली. न बोलावता, हे पहिल्यांदाच. विमलनं दार उघडलं आणि ताट वाढलं. धोंडुबाई मांडी घालून बसली. समोर भात, वालाचं कालवण. तिनं एक घास घेतला आणि तो तोंडातच फिरत राहिला. हात ताटाच्या कडेवरून फिरायला लागले, जेवायच्या आधीच ताट पुसायला लागले. कान तापले. मोरीत सकाळची भांडी दिसत होती.

“जमत नाय गो,” ती म्हणाली.

“काय जमत नाय?”

मग धोंडुबाईनं सांगितलं. सीताबाई, पेंढा, ठमाबाई, सगळं. खाली मान घालून, ताटाला सांगितल्यासारखं. शेवटी म्हणाली, “मी माज्या आयजवल बसले नाय. वरीसभर बोलवत व्हती. आता तू बोलवतेस, तर मना बसायलाच येत नाय.”

विमलला आजी आठवत होती. आजीच्या खाटेपाशी आई कायम उभी असायची, तेही आठवत होतं. ती उठली. आईच्या हातातून ताट काढून घेईल असं वाटलं, पण तिनं स्वतःचं ताट वाढून आणलं आणि आईला गुडघा लागेल इतकी जवळ बसली.

“भांडी तूच घास,” विमल म्हणाली. “मी नाय आडवनार. पन जेवून झाल्यावर. आधी नाय. तेवढं एक कर.”

“आनी पावने असले तर?”

“त्यांना सांगेन, ही माझी आई. हिला भांडी घासायची हौस हाय. तुमच्याकडं असली तर पाठवून द्या.”

धोंडुबाईला हसू आलं, त्यात तोंडातला घास गिळला गेला. ताट संपायला पुष्कळ वेळ लागला. भात थंड झाला. विमल उठली नाही.

एवढाच काय तो फरक झाला. जन्मभराची सवय एका दिवसात जात नाही. पुढं ती अष्टमीलाच राहायला आली. कोणाच्या घरी गेली की कान तापायचे ते तापायचेच. वाटी रिकामी परत करणं तिला शेवटपर्यंत जमलं नाही. पण आधी जेवण आणि मग भांडी, हे तिनं पाळलं. एखाद्या दिवशी क्रम चुकायचा, मग विमल ताट घेऊन मोरीच्या कट्ट्यापाशी येऊन बसायची आणि आई ओशाळून हात धुवायची. पेणला जाणं झालं की ती वृंदाकडं डोकावे. एकदा तिथंही बसून चहा प्यायली. माधवरावांनी पेपर खाली करून पाहिलं, तर तिला ठसका लागला.

पुंडलिक रोज डबा विसरायचा. दुपारच्या शिफ्टची बस पुलाच्या तोंडाशी यायची, हा तिथं जाऊन उभा राहायचा आणि डबा घरी ओट्यावर. विमल म्हणायची, “हा विसरत नाय, ह्याला ठावं हाय सासू घेऊन येनार.” धोंडुबाई म्हणायची, “त्याच्या आतला बाप्या विसरतो. ह्याला कशाला बोलतेस?”

दिवाळीनंतर एका दुपारी झोपेतच ती गेली. त्या दिवशी सकाळी उठली, नातीची वेणी घातली. जेवायच्या वेळेला बसून जेवली, मग ताट घासलं. ओट्यावर डबा होता. तिनं तो फडक्यात बांधला, चपला घातल्या आणि पुलाकडं निघाली. पुलाखाली कुंडलिका नदीला भरती होती. पुंडलिक बसच्या रांगेत उभा होता, सासूला तो मामी म्हणायचा.

“मामी, मीच येनार होतो मागं.”

“ठावं हाय.”

“बसा जरा कट्ट्यावर. ऊन हाय.”

“बसते.” कट्ट्यावर बसून तिनं पदरानं मान पुसली. बस आली. तिनं डबा त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, “कालवन सांडंल, उभा धर. आनी झाकन हरवून आनू नको.”